डावे-उजवे जाणणारे लोखंड

१/
किल्ले, तह आणि दस्तऐवज यांच्या वाटेने चालणाऱ्या या धाग्यांना आज थोडे वळण देऊ. आजचा नायक एक रेणू आहे. त्याचा रंग नारिंगी, वास कापरासारखा आणि पोटात लोखंडाचा एकच अणू. १९५१ मध्ये तो जगासमोर आला तेव्हा कोणीही त्याच्या शोधात नव्हते. पंचेचाळीस वर्षांनी त्याच्याच वंशातल्या एका पदार्थाच्या मदतीने वर्षाला दहा हजार टनांहून अधिक रसायन तयार होऊ लागले. या दोन टोकांमध्ये जे घडले त्याची ही हकिगत आहे. तिच्यात दोन नोबेल पारितोषिके येतात. पण हकिगतीचा खरा कणा ज्यांनी घडवला, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला त्यातले एकही आले नाही.

२/
अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात ड्यूकेन विद्यापीठ आहे. तेथे पीटर पाउसन हे तरुण रसायनशास्त्रज्ञ शिकवीत होते. जर्मनीतील बांबर्गच्या एका ज्यू कुटुंबात ते जन्मले; नाझी राजवटीमुळे १९३९ मध्ये ब्रिटनला आले आणि ग्लासगोत शिकले. त्यांना व त्यांचे विद्यार्थी थॉमस कीली यांना फुल्वॅलीन नावाचा रेणू हवा होता. पाच कार्बनांची दोन वलये एकमेकांस जोडली की तो होतो. जोडणीच्या कामी त्यांनी लोहाचे क्लोराइड वापरले. लोहाने दोन वलयांची गाठ मारून बाजूला व्हावे, एवढीच अपेक्षा होती.

३/
लोह बाजूला झाले नाही. हाती आलेल्या नारिंगी स्फटिकांत दहा कार्बन, दहा हायड्रोजन आणि एक लोह असा हिशेब निघाला. त्या काळी लोह आणि कार्बन यांचे असे संयुग टिकणे अशक्यप्राय मानले जाई. हे मात्र कापरासारखे न वितळताच उडून जाई, गार पृष्ठावर पुन्हा स्फटिक होऊन बसे आणि १७३ अंश सेल्सिअसला वितळूनही शाबूत राही. डिसेंबर १९५१ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचे टिपण आले.

४/
येथे एक नोंद न्यायाखातर करायला हवी. ब्रिटिश ऑक्सिजन कंपनीतील मिलर, टेबथ आणि ट्रिमेन या तिघांना हाच पदार्थ निराळ्या मार्गाने मिळाला होता आणि त्यांचा निबंध पाउसन यांच्या निबंधाआधी संपादकांकडे पोहोचला होता. तो छापून आला १९५२ मध्ये. इतिहासात ‘आधी कोण’ याचे उत्तर पुष्कळदा छापखान्याच्या रांगेत ठरते.

५/
रचनेबद्दल पाउसन यांचा कयास चुकला होता. लोह मध्ये आणि दोन्ही बाजूंना एकेका बंधाने लोंबणारी वलये, असे चित्र त्यांनी काढले होते. १९५२ मध्ये हार्वर्ड येथे जेफ्री विल्किन्सन व रॉबर्ट वुडवर्ड यांनी, आणि म्युनिकमध्ये अर्न्स्ट ओटो फिशर यांनी स्वतंत्रपणे, खरे रूप ओळखले. दोन ताटल्या समोरासमोर धराव्यात आणि त्यांच्या मधोमध लिंबू असावे, तसे दोन समांतर वलयांमध्ये लोह बसले आहे आणि दोन्ही वलयांच्या सर्व कार्बनांशी सारखेच बांधलेले आहे. बेन्झीनसारख्या वागण्यावरून त्याला फेरोसीन हे नाव मिळाले.

६/
१९७३ चे नोबेल फिशर व विल्किन्सन यांना मिळाले. वुडवर्ड यांनी नोबेल समितीला नाराजीचे पत्र धाडले. त्यांच्याकडे १९६५ चे नोबेल आधीच होते. तरीही हे शल्य त्यांना गिळता आले नाही. आपल्या कथेला मात्र या भांडणापेक्षा विल्किन्सन यांचे पुढचे काम अधिक महत्त्वाचे आहे.

७/
लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेल्यावर १९६० च्या दशकाच्या मध्यास विल्किन्सन यांनी ऱ्होडियम धातूचा एक उत्प्रेरक प्रचारात आणला. वनस्पती तूप बनवताना तेलात हायड्रोजन घालतात, तेच काम हा उत्प्रेरक द्रावणात विरघळून, साध्या तापमानाला करी. त्यात ऱ्होडियमभोवती तीन फॉस्फीन बिलगलेले असतात. फॉस्फीन म्हणजे फॉस्फरसच्या अणूला तीन हात फुटलेला रेणू. धातूला असे बिलगून त्याच्या वागण्याला वळण लावणाऱ्या रेणूला लिगँड म्हणतात. राजा धातू खरा, पण दरबारात कोणाला कोणत्या दाराने आत सोडायचे हे लिगँड ठरवतो.

८/
हा द्वारपाल महत्त्वाचा का, हे कळण्यासाठी डाव्या-उजव्याचा प्रश्न समजून घ्यावा लागेल. डाव्या पायाची चप्पल आणि उजव्या पायाची चप्पल यांत कातडे, टाके, वजन सगळे सारखे. तरी एकीच्या जागी दुसरी चालत नाही. अनेक रेणूंचेही तसेच असते. १८४८ मध्ये लुई पाश्चर यांनी टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असे दोन परींचे स्फटिक चिमट्याने वेगळे केले होते. टार्टारिक आम्ल म्हणजे चिंचेला आंबटपणा देणारे आम्ल. चिंचेत त्याचा एकच हात सापडतो. निसर्ग डावे-उजवे करतो. माणसाने प्रयोगशाळेत केलेल्या रेणूत मात्र दोन्ही हात निम्मे-निम्मे उतरतात.

९/
१९६८ मध्ये अमेरिकेत मोन्सँटो कंपनीतील विल्यम नोल्स यांनी आणि जर्मनीत माइन्झ येथील लिओपोल्ड हॉर्नर यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तीच युक्ती योजली: विल्किन्सन यांच्या उत्प्रेरकातले फॉस्फीन एका हाताचे करून टाकायचे. नोल्स यांना पहिल्या खेपेस मिळालेले आधिक्य अवघे १५ टक्के होते, पण दार उघडले होते. काही वर्षांतच पार्किन्सनच्या रुग्णांना लागणारे एल-डोपा मोन्सँटोत याच रीतीने तयार होऊ लागले. फ्रान्समध्ये आंरी कागाँ यांनी टार्टारिक आम्लापासूनच डायोप नावाचा लिगँड घडवला. दोन फॉस्फरस असलेला हा लिगँड धातूला चिमट्यासारखा पकडतो.

१०/
आता खरी अडचण पाहा. असा एक लिगँड बनवायला महिनोन्‌महिने लागत. तो एखाद्या रेणूवर उत्तम चाले आणि शेजारच्याच दुसऱ्यावर नापास होई. का, ते सांगता येत नसे. मग जरासा फेरफार केलेला दुसरा हवा, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एका कुलपासाठी प्रत्येक वेळी नवी भट्टी पेटवून किल्ली ओतण्यातला हा प्रकार होता. ही कोंडी फोडण्याचे साहित्य तेव्हाच दुसऱ्या एका प्रयोगशाळेत तयार झाले होते आणि तेथे फॉस्फीनचा विचारही नव्हता.

११/
ती प्रयोगशाळा इव्हार उगी यांची. एस्टोनियात जन्मलेले उगी १९५९ मध्ये एका अभिक्रियेमुळे प्रसिद्धीस आले होते. तीत चार निरनिराळे घटक एकाच भांड्यात टाकले की प्रथिनासारखी साखळी जुळते. काही काळ बायर कंपनीत काढून ते १९६८ मध्ये लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात आले. साखळी एकाच हाताची व्हावी, यासाठी चारांपैकी अमाइन हा घटक एका हाताचा हवा होता. शिवाय काम झाल्यावर ते अमाइन साखळीतून अलगद सुटून यायला हवे होते, नाहीतर साखळी निरुपयोगी ठरली असती.

१२/
उगी यांनी फेरोसीनच्या एका वलयाला दोन कार्बनांची छोटी बाजूशाखा लावून तिच्यावर अमाइन बसवले. डावा आणि उजवा हात वेगळे करायला त्यांनी टार्टारिक आम्लच वापरले, म्हणजे पुन्हा चिंच आलीच. हे संयुग आज जगभर उगी अमाइन म्हणून ओळखले जाते. मराठी कानाला नाव ऐकून हसू येईल. पण इतके उगीच नसलेले अमाइन शोधून सापडणार नाही. त्याचे दोन गुण आपल्या कथेचे मर्म आहेत, म्हणून येथे जरा थांबू.

१३/
पहिल्या गुणासाठी पंगतीतले ताट डोळ्यांपुढे आणा. मीठ, चटणी, लोणचे डावीकडे, भाजी उजवीकडे. ताटाला वरची बाजू आहे म्हणून डावे आणि उजवे यांना अर्थ आहे. कागदावर काढलेले वलय मात्र मागून पाहिले तर डाव्याचे उजवे होते. फेरोसीनच्या वलयाला खाली लोह चिकटलेले असल्याने त्याची वरची बाजू कायमची ठरते. म्हणून अशा वलयाच्या शेजारच्या दोन जागांवर दोन वेगळे गट बसवले की मीठ डावीकडे आणि मीठ उजवीकडे अशी दोन निरनिराळी ताटे होतात. याला प्रतलीय हस्तभेद म्हणू. व्हिएन्नात कार्ल श्ल्योग्ल यांनी १९६० च्या दशकात या प्रकारच्या संयुगांचा कसून अभ्यास केला होता.

१४/
असे ताट हवे त्याच बाजूने वाढायचे कसे? १९७० मध्ये उगी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की उगी अमाइनवर ब्यूटाइल लिथियमची क्रिया केली की लिथियम शेजारच्या दोन जागांपैकी जवळजवळ एकाच जागी बसते: १०० पैकी ९६ वेळा. बाजूशाखेचा नायट्रोजन लिथियमला हाताशी धरून वलयाकडे आणतो. एका बाजूला वळताना शाखेवरचा मिथाइल गट मोकळा राहतो, दुसऱ्या बाजूला वळताना अडचणीत येतो. एवढ्याशा गैरसोयीमुळे डाव्या-उजव्याचा निकाल लागतो. लिथियमच्या जागी मग पाहिजे तो गट आणता येतो.

१५/
दुसरा गुण त्याहून मोलाचा. शाखेवरचे अमाइन आम्लाच्या सान्निध्यात सुटून जाते आणि त्या जागी दुसरा गट येतो, पण हात बदलत नाही. साधारणतः असे काही सुटले की मागे उरलेला धनभारित कार्बन सपाट होतो, नवा पाहुणा दोन्हींपैकी कोणत्याही बाजूने शिरतो आणि मिळवलेला हस्तभेद धुऊन जातो. येथे खाली लोह बसले आहे. ते त्या कार्बनला इलेक्ट्रॉनांचा आधार देते आणि आपल्या बाजूची वाट अडवून धरते. जाणारा ज्या दाराने गेला, त्याच दाराने येणाऱ्याला यावे लागते. उगी यांना हे हवे होते ते काम झाल्यावर अमाइन परत मिळावे म्हणून. तोच गुण पुढे लिगँड घडवणाऱ्यांच्या हाती लागला.

१६/
हाती घेणारे पहिले जपानचे. क्योतो विद्यापीठात माकोतो कुमादा आणि त्यांचे तरुण सहकारी तामिओ हायाशी यांनी १९७४ मध्ये उगी अमाइनच्या वलयावर, लिथियमच्या जागी, फॉस्फीन बसवले. फेरोसीनवर उभा असलेला, प्रतलीय हस्तभेदाचा फॉस्फीन लिगँड तो हा. एका भांड्यात तयार होणारा, हवेत टिकणारा, स्फटिकरूप. हायाशी यांनी शाखेवरचे अमाइन बदलून निरनिराळी टोकेही बसवली आणि प्रत्येक अभिक्रियेसाठी लिगँडला नवे शेपूट देण्याची प्रथा पाडली.

१७/
१९८६ मध्ये योशिहिको इतो, मासाया सावामुरा आणि हायाशी यांनी असा लिगँड सोन्याला बिलगवला आणि कार्बन-कार्बन बंध एका हाताने जोडणारी अभिक्रिया साधली. परिसाच्या स्पर्शाने लोखंडाचे सोने होते असे आपण ऐकत आलो. येथे लोखंडच सोन्याला कामाला लावत होते. तोवर सोने उत्प्रेरक म्हणून फारसे कोणी गांभीर्याने घेत नसे. याच सुवर्ण-अभिक्रियेचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांत स्विस कंपनी सिबा-गायगीतील आंतोनिओ तोग्नी हे एक होते.

१८/
आता कथा ऱ्हाइनकाठच्या बाझलला येते. सिबा-गायगीने १९७० मध्ये मेटोलाक्लोर हे तणनाशक शोधले आणि १९७६ मध्ये बाजारात आणले. त्याच्या रेणूची चार रूपे एकत्र असत. १९८२ मध्ये कळले की तण मारण्याचे जवळजवळ सगळे काम त्यांपैकी दोन रूपेच करतात, आणि ती ठरतात एका कार्बनच्या हातावरून. म्हणजे दरवर्षी हजारो टन निरुपयोगी जोडीदार फुकट बनवला जात होता आणि शेतात ओतलाही जात होता. एकाच हाताचे बनवावे, असा विचार पुढे आला. यामागे केवळ मातीची काळजी होती असे समजण्याचा भाबडेपणा नको. १९७० च्या दशकातले पेटंट काही अमर नव्हते.

१९/
अटी कठोर होत्या. तणनाशक स्वस्त असते. औषधासारखी किंमत त्याला येत नाही. हवा तो हात किमान ८० टक्के आधिक्याने, म्हणजे १०० पैकी ९० रेणू तरी हव्या त्या हाताचे. उत्प्रेरकाच्या एका रेणूने किमान ५०,००० रेणू घडवायचे. आणि वेग ताशी १०,००० हून अधिक. हान्स-उलरिख ब्लाझर, फेलिक्स श्पिंडलर, बेनोआ प्यूजँ आदींचा गट वर्षानुवर्षे यावर झटत होता. ऱ्होडियम फिके पडले. इरिडियमबरोबर डायोपसारखे लिगँड वापरले तेव्हा निवडकता आशादायक होती, पण उत्प्रेरक लवकर गतप्राण होई. या प्रकारच्या अभिक्रियेत अशी उत्पादकता कोणीच गाठलेली नव्हती.

२०/
त्याच कंपनीत तोग्नी यांनी एक सरळ पाऊल टाकले. क्योतोच्या लिगँडमध्ये वलयावर एक फॉस्फीन होतेच. शाखेवरचे अमाइन काढून तेथे दुसरे फॉस्फीन बसवले तर? असेटिक आम्लात दुसऱ्या फॉस्फीनबरोबर ते गरम केले की अदलाबदल होई आणि उगी यांच्या नियमाप्रमाणे हात तसाच राही. दोन फॉस्फरसचा चिमटा तयार! त्याचे दोन्ही पाय वेगवेगळ्या बाटल्यांतून येत असल्याने ते परस्परांहून भिन्न ठेवता येत: एक जाडजूड, एक सडपातळ, एक इलेक्ट्रॉन देणारा, एक हात आखडता घेणारा. अशी सोय असणारे चिमटे तेव्हा विरळा होते.

२१/
या लिगँडचे नाव जोसिफॉस. तो पहिल्यांदा प्रत्यक्ष तयार केला जोसी पुलेओ या तंत्रसाहाय्यकाने, आणि नाव त्यावरूनच पडले. रसायनशास्त्रात अभिक्रियांना प्राध्यापकांची नावे देण्याची रीत आहे. भांडे धुण्यापासून स्फटिक गाळण्यापर्यंतचे काम करणारे हात नावात क्वचित येतात. माझ्या लेखी हे नाव एखाद्या पदकाइतकेच वजनदार आहे. १९९४ मध्ये तोग्नी आणि सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तोवर ते झुरिकच्या ईटीएचमध्ये प्राध्यापक झाले होते.

२२/
मेटोलाक्लोरच्या गटाने हा चिमटा उचलला. पाय बदलून पाहणे आता आठवड्यांचे काम होते. शाखेच्या फॉस्फरसवर झायलिल गट असलेला प्रकार इरिडियमबरोबर न मरता चालत राहिला. त्यातच आम्ल आणि आयोडाइड दोन्ही घातले की वेग कित्येक पटींनी वाढतो, हे लक्षात आले. शेवटी ८० बार दाब आणि ५० अंश तापमान असताना उत्प्रेरकाचा एक रेणू दहा लाख रेणू घडवू लागला. मूळ अट होती पन्नास हजारांची. नोव्हेंबर १९९६ मध्ये कारखाना सुरू झाला.

२३/
हाताचे आधिक्य मात्र सुमारे ८० टक्केच होते. शोधनिबंधांत ९९ टक्क्यांची बढाई मारणाऱ्या लिगँडांच्या मेळ्यात हा आकडा मिरवण्याजोगा नाही. त्याच चिमट्याचे काही भाऊबंद त्याहून अधिक निवडक होते, पण मंद होते. तणनाशकाला ९० विरुद्ध १० पुरेसे होते. वेग आणि टिकाऊपणा यांना पर्याय नव्हता. शेतातली मात्रा साधारण एक तृतीयांशाने घटली. पारितोषिके निवडकतेला मिळतात, हे खरे; कारखाना मात्र त्या लिगँडच्या बाजूने उभा राहिला, ज्याचे पाय सहज बदलता येत होते.

२४/
२००१ चे नोबेल नोल्स, जपानचे र्‍योजी नोयोरी आणि बॅरी शार्पलेस यांना मिळाले. फेरोसीनची शाखा त्यात नव्हती. नियमाने तिघांहून अधिकांना देता येत नाही, आणि कागाँसुद्धा बाहेर राहिले, याची चर्चा तेव्हा बरीच झाली. उगी २००५ मध्ये वारले. त्यांची ओळख आजही चार घटकांच्या अभिक्रियेनेच करून दिली जाते.

२५/
त्याच सुमारास मर्क कंपनीत मधुमेहावरचे सिटाग्लिप्टिन तयार होत होते. आपल्याकडे अनेक घरांतल्या गोळ्यांच्या डब्यात हे नाव सापडेल. त्याच्या निर्मितीतली कळीची पायरी ऱ्होडियम आणि जोसिफॉसचा एक प्रकार यांनी साधली. अमाइनवर कोणतेही संरक्षक आवरण न घालता थेट हायड्रोजन देता आला, म्हणून २००६ मध्ये या पद्धतीला अमेरिकेचा हरित रसायनशास्त्र पुरस्कार मिळाला. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, तोच पुरस्कार त्याच औषधाला पुन्हा मिळाला. या वेळी मर्क आणि कोडेक्सिस यांनी ऱ्होडियम व जोसिफॉस दोघांनाही निवृत्त करून त्यांच्या जागी प्रयोगशाळेत घडवलेला एक एन्झाइम आणला होता.

२६/
तणनाशकाचेही पुढे तेच झाले नाही असे नाही. एका हाताच्या मेटोलाक्लोरची मान्यता युरोपीय संघाने २०२४ मध्ये नूतनीकरण न करता संपुष्टात आणली. आक्षेपांत मुख्य होता तो भूजलात उतरणाऱ्या त्याच्या विघटित अंशांचा. युरोपाबाहेर मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांत ते अजून वापरले जाते. जोसिफॉसचे शंभराहून अधिक प्रकार आज बनवले गेले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची पहिली पायरी उगी अमाइनचीच आहे.